गॅरॉश, जेना आणि आमच्या गौरी

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे नाव आपल्या वाचकांपैकी किती जणांनी ऐकलं असेल कोण जाणे. घरात कॉलेजात जाणारी मुलं असतील तर कदाचित कानावरून गेलं असेल; तेही ‘किती वेळ त्या कॉम्प्युटरसमोर बसणार आहेस?’ या वाक्याच्या आगेमागे. हा एक खेळ आहे. ‘ब्लिझर्ड’ नावाच्या अमेरिकन कंपनीनं तो २००४ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला आणि तो अजून चालू आहे. म्हणजे त्या वर्षी जन्मलेली बाळं आज मतदान करतात, तरी खेळ संपलेला नाही! संपण्यासाठी तो केलेलाच नाही. अझेरॉथ नावाचं एक काल्पनिक जग, त्यात माणसं, बुटके, हिरव्या कातडीचे ऑर्क, निळ्या रंगाचे शिंगवाले लोक, आणि ‘अलायन्स’ व ‘होर्ड’ असे दोन पक्ष. देशोदेशीचे खेळाडू आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकाच वेळी या जगात उतरतात, एखादं सोंग घेतात आणि त्या सोंगाच्या नावानं वावरतात, लढतात, मासे धरतात, बाजारात घासाघीसही करतात. इंग्रजीत याला ‘रोल-प्लेइंग’ म्हणतात. आपल्याला ते समजायला फारसं जड जाऊ नये. खाली कोकणात आणि गोव्यात दशावतारी मंडळी लिहिलेली संहिता हातात नसताना रात्रभर आख्यान उभं करतातच की. तिथंही जो तो आपलं सोंग सांभाळतो, आणि नव्या पोराला कुणी कागद देत नाही. जुन्यांचं बघून शिकायचं.

आता माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेचा या खेळाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध सूनबाईंमुळे आला. ती मूळची म्हैसूरची, कानडी. चिरंजीव आणि ती बेंगळुरूला असतात. २०२१ मध्ये दोघांचंही ऑफिस घरूनच चालू होतं, तेव्हा काही महिने ती दोघं इथं बेळगावला राहायला आली. दिवसभर काम झालं की रात्री तासभर ती हा खेळ खेळत बसायची. कॉलेजात असल्यापासूनची तिची सवय. मी शेजारी भाजी निवडत बसायची आणि मधूनमधून विचारायची, हा कोण, हा का रडतोय, ही एवढी मोठी आगबोट कुठं चालली? एके दिवशी ती म्हणाली, “अत्ते, तुम्हीच का नाही सुरू करत?” (कानडीत आत्यालाही अत्ते आणि सासूलाही अत्तेच. मला हे आवडतं.) पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत खेळ फुकट असतो असं कळल्यावर माझा विरोध आणखी कमी झाला. तिनं मला ‘ड्रेनाय’ जातीचं एक सोंग करून दिलं. निळी कांती, डोक्याला शिंगं, पायाला खूर. नाव मी ठेवलं : मलप्रभा. आमच्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी नदी परदेशी सर्व्हरवर खुरांनी टकटक करत हिंडू लागली.

सुरुवात छान झाली, हे सांगायलाच हवं. नव्या खेळाडूंसाठी कंपनीनं २०२० मध्ये एक वेगळं बेट तयार केलं आहे. तिथं चालायचं कसं, लढायचं कसं, औषध कुठून घ्यायचं, सगळं हाताला धरून शिकवतात. बालवाडीच म्हणा ना. मी तिथून व्यवस्थित पास होऊन बाहेर पडले, मग मला स्टॉर्मविंड नावाच्या राजधानीत नेलं, आणि तिथून जेना नावाच्या एका पांढऱ्या केसांच्या जादूगारणीबरोबर बोटीत बसवलं. ती आपल्या माहेरी, कुल टिरास नावाच्या दर्यावर्दी राज्यात, मदत मागायला चालली होती. बोट धक्क्याला लागली, आम्ही आत गेलो. तिथली राज्यकर्ती म्हणजे जेनाची सख्खी आई. तिनं पोटच्या पोरीला सगळ्या दरबारादेखत देशद्रोही ठरवून हद्दपार केलं आणि मला, म्हणजे मलप्रभेला, सरळ एका बेटावरच्या तुरुंगात टाकलं!

मी हबकले. कोण ही जेना? हिनं असं काय केलं की आईला तिचं तोंड पाहवेना? आणि मी तर काल-परवा आलेली, माझा काय गुन्हा? खेळात पुढं जायचं तर तुरुंगातून पळायचं होतं, ते मी पळाले; पण मन त्या दरबारात अडकून राहिलं. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवल्यानं ‘का’ विचारल्याशिवाय पान उलटता येत नाही.

सूनबाईनं मग जुन्या ‘कालनिर्णय’चं एक पान फाडलं आणि त्याच्या पाठीमागं वंशवेल काढायला घेतली. ती अशी. जेनाचा बाप या राज्याचा दर्यासारंग. ऑर्कांचा कट्टर वैरी. जेनानं दूरच्या खंडावर थेरामोर नावाचं शहर वसवलं आणि ऑर्कांचा नायक थ्रॉल याच्याशी सलोखा केला. बाप आरमार घेऊन आला आणि त्यानं युद्ध पुन्हा पेटवलं. लेक मधे पडली नाही, बाजूला उभी राहिली, आणि बाप त्या लढाईत थेरामोरमध्ये मारला गेला. हे सगळं घडतं कुठं? तर २००३ साली निघालेल्या ‘फ्रोझन थ्रोन’ नावाच्या दुसऱ्याच खेळात! ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ तेव्हा बाजारात आलाही नव्हता. मग तिचे केस पांढरे का? तर होर्डच्या नव्या नायकानं, गॅरॉशनं, पुढं त्याच थेरामोरवर एक भयंकर जादूचा बॉम्ब टाकून शहर बेचिराख केलं, ती त्यातून वाचली पण केस पांढरे झाले. हे २०१२ सालचं. त्यावर ‘टाइड्स ऑफ वॉर’ नावाची कादंबरी आहे, ती वेगळी विकत घ्यायची. आणि आईनं हद्दपार केलं ते प्रकरण २०१८ मध्ये आलेल्या भागातलं. म्हणजे एक अटक समजून घ्यायला अठरा वर्षांपूर्वीचा एक खेळ आणि नऊ वर्षांपूर्वीची एक कादंबरी पाहिजे, आणि नवख्या माणसाला आणून बसवलं होतं ते नेमकं त्या अटकेच्या प्रसंगात.

माझी तरी गाठ एकाच अटकेशी होती. सूनबाईच्या वेळच्या नवख्यांचे हाल याहून वाईट होते. या खेळात दर दोनेक वर्षांनी नवा खंड येतो, नवा भूप्रदेश आणि नवी कथा घेऊन. २००७ मध्ये एक, २००८ मध्ये एक. मग २०१० च्या डिसेंबरात ‘कॅटॅक्लिझम’ आला. त्यात डेथविंग नावाचा एक अजस्र ड्रॅगन जमीन फोडून वर येतो आणि जग उलटंपालटं करतो. कंपनीनं त्या निमित्तानं २००४ सालचे मूळ प्रदेश नव्यानं लिहून काढले. नद्या बदलल्या, गावं बुडाली, राजे बदलले. पण मधल्या २००७ आणि २००८ च्या प्रदेशांना हात लावला नाही. ते होते तसेच ठेवले.

याचा परिणाम काय झाला बघा. होर्डच्या बाजूनं खेळणारा एखादा नवा मुलगा पहिल्या पायरीवर आला की त्याला गॅरॉश सर्वसत्ताधीश म्हणून सिंहासनावर दिसायचा. अठ्ठावन्न-साठाव्या पायरीला तो मुलगा ठरलेल्या क्रमाप्रमाणे २००७ च्या प्रदेशात जायचा. तिथं हाच गॅरॉश एका खेड्यात खांदे पाडून बसलेला. बापाच्या कलंकानं खचलेला, कुणी काही सांगू गेलं की चिडणारा. थ्रॉल तिथं येतो, स्वतः अजून होर्डचा प्रमुख असतो, आणि गॅरॉशला त्याचा बाप शेवटी किती शूर निघाला ते दाखवतो. हा या खेळातला फार हृद्य प्रसंग आहे म्हणे. पण नवख्याला वाटायचं की गॅरॉशचं राज्य गेलं आणि तो असा होऊन बसलाय! पुढं २००८ च्या बर्फाळ प्रदेशात तो सेनापती, मग २०१२-१३ च्या कथेत पुन्हा राजा, जुलमी आणि शेवटी पदच्युत. आधी राजा, मग हताश तरुण, मग सेनापती, मग परत राजा. महाभारतात कुरुक्षेत्र आधी, मग द्रोणाचार्यांची शाळा, मग लाक्षागृह आणि मग पुन्हा कुरुक्षेत्र अशा क्रमानं कुणी सांगितलं तर जे होईल ते. फरक इतकाच की आपल्याला महाभारत ठाऊक असतं. कीर्तनात बुवांनी आख्यान मधूनच लावलं तरी ‘हा कर्ण कोण?’ असं कुणी विचारत नाही.

सूनबाईच्या कॉलेजच्या दोघी मैत्रिणींनी याच टप्प्यावर खेळ सोडला. खेळ अवघड होता म्हणून नाही. आपण कुणाच्या तरी घरच्या भांडणात मधूनच येऊन उभे आहोत आणि कुणी सांगत नाही, असं वाटून. जुन्या खेळाडूंना विचारावं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं : तेवढं काय ते वाचून घे. किंवा हसू. जुन्या माणसाला आपण केव्हा शिकलो ते आठवत नाही, हा काही फक्त या खेळातला दोष नाही.

इथपर्यंत प्रश्न क्रमाचा होता. पण कथेतच विसंगती असेल तर? माझ्या मलप्रभेचीच जात घ्या. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट थ्री’बरोबर जी पुस्तिका आली होती तिच्यात ‘एरेडार’ नावाच्या दुष्ट मायावी राक्षसांचा उल्लेख होता; सार्गेरस नावाच्या देवासारख्या योद्ध्याच्या अधःपाताला ते कारण झाले, असं तिथं लिहिलेलं. २००७ च्या खंडासाठी ड्रेनाय ही नवी जात खेळाडूंना द्यायची ठरली तेव्हा कथा नेमकी उलटी झाली : एरेडार मूळचे सज्जन आणि बुद्धिमान, सार्गेरसनंच त्यांना भ्रष्ट केलं, आणि जे त्याला न जुमानता पळाले ते ड्रेनाय. म्हणजे आधी एरेडारांनी देव बिघडवला होता, आता देवानं एरेडार बिघडवले! शिवाय ड्रेनाय हे नाव आधीच्या खेळात पाठीत वाकलेल्या, दीनवाण्या जीवांना होतं. मग सांगण्यात आलं की ते याच जातीतले झिजून ‘मोडलेले’ लोक.

जुन्या खेळाडूंनी अर्थातच पुस्तिका काढून दाखवली. त्यावर क्रिस मेट्झेन, म्हणजे ज्यांनी या जगाची बरीचशी कथा रचली ते गृहस्थ, त्यांनी २००६ मध्ये उघडपणे सांगितलं की चूक माझी आहे, पूर्वी मीच काय लिहिलं होतं ते मी विसरलो. कथा मात्र नवीच ठेवली, कारण ती अधिक चांगली होती. हे मला फार भावलं. आपल्याकडे एखाद्या ग्रंथकर्त्यानं ‘मागचा अध्याय मी विसरलो’ असं लिहून ठेवलं असतं तर किती प्रबंधांचे कागद वाचले असते!

गरोनाची गोष्टही अशीच. ही बाई पहिल्या खेळापासूनची, म्हणजे १९९४ पासूनची. अर्धी ऑर्क, अर्धी माणूस असं तिचं वर्णन. पण ऑर्क आणि माणसं एकमेकांना भेटून काहीच वर्षं झालेली, आणि ही तर चांगली वाढलेली स्त्री. हिशोब बसेना. मग पुढं ठरलं की ती अर्धी ड्रेनाय. ऑर्क आणि ड्रेनाय एकाच जगात राहत होते, तेव्हा ते जमतं. मग २०१६ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ सिनेमा आला, त्यात पुन्हा तिचा बाप माणूसच असल्याचं सुचवलं. सिनेमाचं जग वेगळं धरायचं, असं सूनबाई म्हणते. या प्रकाराला त्यांच्यात शब्द आहे : ‘रेटकॉन’. पुढची कथा नीट बसावी म्हणून मागची बदलून घेणं.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत आवडलेली घटना २०१० ची आहे. कंपनीचा दरवर्षी एक मेळा भरायचा, त्या वर्षी तो ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला भरला. व्यासपीठावर कथाकार मंडळी, समोर हजारो खेळाडू. प्रश्नोत्तरात लाल शर्ट घातलेला एक मुलगा माइकपाशी आला. त्यानं विचारलं, बुटक्यांच्या तीन कुळांची जी नवी राजसभा तुम्ही केली आहे, तिच्यात वाइल्डहॅमर कुळातर्फे कुर्ड्रन बसलाय. पण इतकी वर्षं त्या कुळाचा पुढारी फाल्स्टाड होता, त्याचं काय झालं? व्यासपीठावरून उत्तर आलं की तो एका कादंबरीत मेला ना? मुलगा शांतपणे म्हणाला, नाही, तो जिवंत आहे, खेळातच उभा आहे. हसू, टाळ्या. कथाकारांना स्वतःचाच माणूस जिवंत आहे की मेला ते आठवत नव्हतं आणि एका पोराला आठवत होतं.

पण खरी गंमत पुढं आहे. खंड बाजारात आला तेव्हा सभेत फाल्स्टाड बसलेला होता, आणि त्याच्या शेजारी लाल शर्ट घातलेला एक बुटका उभा केला होता. त्याची पदवी : ‘वाइल्डहॅमर तथ्य-तपासनीस’. तो अजूनही आयर्नफोर्जच्या दरबारात उभा आहे. मी जाऊन बघून आले. शाळेत असताना माझ्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी दर वर्षी असायचे. बाई, मागच्या धड्यात तर सन वेगळा दिला होता! काही शिक्षक अशा मुलाला खाली बसवतात. मी त्यांना फळ्यापाशी बोलवायची.

विसंगतींचा गुंता फार वाढला तेव्हा कंपनीनं २०१६ ते २०१८ या काळात ‘क्रॉनिकल’ नावाचे तीन जाडजूड खंड काढले. सृष्टीच्या आरंभापासून सगळं एका ओळीत, सचित्र. जुने लोक खूश झाले. म्हणाले, झाला एकदाचा निकाल. पुढच्या काही वर्षांत कथेनं पुन्हा वळणं घेतली, तेव्हा कंपनीकडूनच सांगण्यात आलं की ते खंड ‘टायटन’ नावाच्या देवतांच्या दृष्टीनं लिहिलेले समजावेत. म्हणजे तीही एक बाजूच!

हे ऐकून मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण झाली. तिथं १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकी रामायणाची तशीच आवृत्ती १९६० ते १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. इतकं करूनही द्रौपदीच्या तोंडचं ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य आणि लक्ष्मणरेषा लोकांच्या मनातून गेली का? दोन्ही या आवृत्त्यांत नाहीत. लोकांत आहेत. पंडितांचं काम आपल्या जागी मोलाचंच, पण शिवणापाणी खेळताना लक्ष्मणरेषा आखणाऱ्या पोराला ते सांगून काय उपयोग?

तर या सगळ्या गप्पा चालल्या असताना भाद्रपद आला. आणि इथं मला घरातली गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती या खेळामुळेच बाहेर आली.

सूनबाईच्या माहेरी गौरी येते ती गणपतीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला. स्वर्णगौरी. आई आधी येते, मुलगा दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे गणपती आधी आणि गौरी मागून. कुणी म्हणतं ती आई, कुणी म्हणतं गणपतीच्या बहिणी. तिचा सुब्रह्मण्य दोन बायकांचा नवरा आणि तिकडचा गणपती ब्रह्मचारी. आपला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, आणि गणपतीला ऋद्धी-सिद्धी. हे ती हसून सोडून द्यायची. दोन देश, दोन कथा, त्यात भांडण कसलं?

अडचण एकाच घरातल्या कथांची होती. आमच्याकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, आणणारीनं वाटेत बोलायचं नाही. थोरल्या जाऊबाई म्हणतात, पाच खडे. वडोदऱ्याला दिलेल्या आमच्या आत्याबाई, वय वर्षं पंच्याऐंशी, फोनवरून ठणकावतात, सात. त्या असंही म्हणतात की खडे हे मागाहून आलं. त्यांच्या लहानपणी घरात चांदीचे मुखवटे होते. ते गेले कुठं? आत्याबाई म्हणतात, वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या पातीकडं गेले. थोरली पाती म्हणते, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले तेव्हाच चोरीला गेले. आमचे चुलत दीर म्हणतात, मुखवटे नव्हतेच कधी, आत्याबाईंनी ते सासरी बघितले असतील! लग्न झाल्यावर पहिल्या गौरीला सूनबाईनं पाच खडे आणले तर एकीनं नाक मुरडलं, दुसऱ्या वर्षी सात आणले तर दुसरीनं. दर वेळी वाक्य एकच : आपल्यात असंच असतं.

त्या वर्षी खडे धुताना ती म्हणाली, “अत्ते, राग मानू नका. दोन वर्षं मला या घरात त्या खेळातल्या नव्या माणसासारखं वाटतंय. जेना कोण ते माहीत नाही आणि तुरुंगात मात्र बसलेय.”

राग कसला मानायचा? मी १९८४ मध्ये खानापूरहून याच घरात आले तेव्हा हेच पाच आणि हेच सात ऐकले होते; फक्त माझ्याकडे त्याला नाव नव्हतं. घरातली माणसं नव्या मुलीला नियम सांगतात, नियमांमागची भांडणं सांगत नाहीत. भांडणं सांगितली तर घराण्याचं हसं होईल असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात भांडण कळलं की नियम लक्षात राहतो. पाच का आणि सात का हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी आपण पाहुणे राहत नाही, एका पक्षाचे होतो!

त्या रात्री आम्ही दोघींनी वही घातली. डाव्या पानावर खेळ, उजव्या पानावर घर. उजवीकडं तिनं सरळ लिहिलं : ‘मुखवटे – आत्याबाईंच्या सांगण्याप्रमाणे; मुखवटे – थोरल्या पातीच्या सांगण्याप्रमाणे; मुखवटे नाहीत – काकांच्या सांगण्याप्रमाणे.’ कुठलं खरं यावर तिनं काही लिहिलं नाही. आत्याबाईंना फोन लावून तिनं तासभर मोडक्या मराठीत प्रश्न विचारले. आत्याबाई खूश. चाळीस वर्षांत त्यांना कुणी ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारलं नव्हतं. तेव्हापासून दर गौरीला सुनेचा आणि त्यांचा स्वतंत्र फोन होतो. मला त्यातलं थोडंच कळवतात.

जेनाच्या आईचं पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही माझ्यासारखेच अडकून राहाल. त्याच खंडाच्या कथेत ती पुढं पस्तावते, स्वतः लेकीला शोधायला निघते आणि परत आणते. लेक मग बापाच्या जागी दर्यासारंग होते. हे मी खेळून पाहिलं तेव्हा वंशवेल पाठ झाली होती, त्यामुळे आई दारात उभी राहिली तेव्हा कुठल्या वर्षीचं कुठलं दुःख तिच्या तोंडावर आहे ते मला कळत होतं. सूनबाईनं स्वयंपाकघरातून रुमाल आणून दिला.

आता ती दोघं परत बेंगळुरूला असतात. रविवारी रात्री नऊला आम्ही दोघी अझेरॉथमध्ये भेटतो. कथेचा क्रम अजूनही धड लागलेला नाही, पण सोयी झाल्या आहेत. राजधानीत क्रोमी नावाची एक बुटकी उभी असते. ती मूळची काळाची राखण करणाऱ्या ड्रॅगनांपैकी. जुन्या खेळाडूंना ती २०२० पासून हव्या त्या खंडाच्या काळात पाठवते. तिचीच एक भावकीतली झिडोर्मी, ती ज्या ज्या जागा कथेत बदलल्या तिथं उभी असते. तिला विचारलं की जागेचं पूर्वीचं रूप दाखवते.

मागच्या महिन्यात मी हट्टानं थेरामोरला गेले. जेनाचं शहर. आधी पाहिलं ते २०१२ नंतरचं : जळकं, मधे मोठा खड्डा, जांभळट उजेड. मग झिडोर्मीला विनंती केली आणि क्षणात तिथं तटबंदी आली, धक्का आला, पहारेकरी आले, एक बाई दारात झाडत असावी तसं काहीतरी हललं. सूनबाईच्या सोंगालाही बोलावून घेतलं. जेनाचा बाप कुठल्या बाजूनं आला असेल, असं मी विचारत होते, ती धक्क्याकडं बोट दाखवत होती, आणि तेवढ्यात आमच्याकडची लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, इंटरनेटचा डबा चालत नाही.

दोन मिनिटांत फोन वाजला.

“अत्ते, तुमची मलप्रभा अजून इथंच उभी दिसतेय. मी थांबते. लाईट आली की या.”